गुडघा थांबतो की माणूस?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मांडी घालून बसणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याची मांडी मोडली आहे त्यालाच विचारावे. आपली पंगत मांडी घालून बसते, भजन मांडी घालून बसते. शेतातली बाई उकिडवी बसून भांगलण करते, गोठ्यातला माणूस उकिडवा बसून धार काढतो. आणि मशिदीत नमाज पढणारा माणूस सजद्यातून उठला की दोन्ही पाय दुमडून त्यांवर बसतो. आमच्या मशिदीत मागच्या ओळीला खुर्च्या असतात. त्यांवर बसणारी म्हातारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. हल्ली मात्र एखाद्या खुर्चीवर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा दिसतो. नमाज संपली की तो एक पाय पुढे सरळ टाकून, हाताने टेकू घेत उठतो. त्याला काय झाले, हे विचारावे लागत नाही. मोटारसायकल.

अशा पोरांशी माझा रोजचा संबंध येतो. मी डॉक्टर नव्हे. मराठी घेऊन बीए झालो, एका पतसंस्थेत कारकुनी करतो आणि कविता लिहितो. पण माझी लेक फिजिओथेरपिस्ट आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून तिने २०१४ साली मिरजेत स्वतःचा छोटा दवाखाना काढला. माणूस नेमायला पैसे नव्हते, म्हणून संध्याकाळी वहीवर मला बसवले. ‘अब्बा, तुमचे अक्षर चांगले आहे,’ एवढेच तिने सांगितले. तेव्हापासून नाव लिहिणे, पावती फाडणे आणि बाकी मांडणे ही कामे मी करतो आहे. आज मी बोलणार आहे ते त्या वहीच्या आधाराने.

मिरज हे डॉक्टरांचे गाव. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथे मिशनचे रुग्णालय उभे केले, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. कर्नाटकापासून कोकणापर्यंतचा पेशंट इथे उतरतो. असे असूनही आमच्या लेकीचा धंदा काय, हे लोकांना समजावताना माझी पुरेवाट झाली. ‘तुमची मुलगी करंट देते ना?’ असे एक जण विचारी. दुसरा म्हणे, ‘शेक देण्याचे किती घेता?’ हाडवैद्याकडे जाणारी माणसे मालिश समजूनच यायची. पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या केईएममध्ये या विद्येचे शिक्षण सुरू झाले. आपल्या राज्यात या मंडळींची परिषद स्थापन करणारा कायदा २००२ चा, आणि साऱ्या देशासाठीचा कायदा व्हायला २०२१ साल उजाडले. इतक्या उशिरा सरकारला जे कळले, ते गल्लीतल्या माणसाला लवकर कळावे अशी अपेक्षा मी तरी धरीत नाही.

पहिली दोन वर्षे वहीत आखडलेले खांदे, धरलेल्या कमरा आणि लकव्याचे दोन-चार पेशंट होते. एका बैठकीचे दीडशे रुपये घेत असू, आणि तेही अनेकदा उद्यावर जात. जागेचे भाडे कसेबसे निघे. दवाखाना खऱ्या अर्थाने वाढला तो २०१६ नंतर, आणि तो अपघाताच्या पेशंटांनी वाढवला. हे वाक्य उच्चारताना मला बरे वाटत नाही. दुसऱ्याची हाडे मोडली आणि आमच्याकडे दुसरा पलंग आला, असा त्याचा सरळ अर्थ होतो. पण ते खरे आहे, आणि त्याविषयी आडपडदा न ठेवता बोलावे असे मला वाटते.

पहिला पेशंट कृष्णाकाठच्या एका गावचा दूधवाला होता. वय अठ्ठावीस, घरी चार म्हशी. गाळप हंगामातल्या रात्री आमच्या भागातल्या रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या कशा जातात, हे श्रोत्यांना सांगायला नको. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, असली तर चिखलाने माखलेली, आणि ट्रॉली बंद पडली की रस्त्यातच उभी. हा मागून धडकला. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सळई घातली, हाड नीट जुळलेही. पण तीन महिने पाय न हलवता घरी पडून राहिला. आमच्याकडे आला तेव्हा गुडघा अवघा पस्तीस अंश वाकत होता.

अंशाचे थोडे सांगतो. लेकीकडे मोजायचे एक साधन आहे, त्याला गोनिओमीटर म्हणतात. नावाला बिचकू नका. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडल्या की झाले. पाय सरळ असला की शून्य. खुर्चीत बसायला नव्वदच्या आसपास लागतात, हात न टेकता खुर्चीतून उठायला त्याहून थोडे जास्त. उकिडवे बसायचे तर एकशेवीसच्या पुढे जावे लागते. खुर्चीवर चालणाऱ्या जगाला नव्वद-शंभर पुरतात. आपले जग जमिनीवर बसते, म्हणून आपल्याला गुडघा जास्त लागतो.

हाड जुळले म्हणजे माणूस बरा झाला, असा आपल्याकडे समज आहे. शस्त्रक्रियेला कर्ज काढणारा माणूस पुढच्या व्यायामाला ‘बघू’ म्हणतो. पण सांधा थांबत नाही. हलवला नाही की त्याच्या भोवतीचे आवरण आक्रसते, मांडीचे स्नायू हाडाला चिकटतात. पहिल्या काही आठवड्यांत जो पाय थोड्या कष्टात वाकला असता, त्याच पायाला पुढे तिप्पट कष्ट, तिप्पट वेदना आणि तिप्पट पैसा लागतो.

आणि नेमका तेव्हाच पैसा संपलेला असतो. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली, असे सरकारचाच अहवाल सांगतो. मेलेल्यांचा आकडा वर्तमानपत्रात येतो. जखमींचे पुढे काय झाले, याची बातमी होत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनाशुल्क उपचारांची योजना लागू केली. चांगली योजना आहे, तिने जीव वाचतील. तिची मुदत अपघातापासून सात दिवसांची आहे. आठव्या दिवशी माणूस जिवंत असतो, आणि मोडलेलाही असतो. आमच्या वहीतली नावे त्या आठव्या दिवसानंतरची आहेत.

तर तो दूधवाला. त्याच्याबरोबर त्याचा चुलता येई. पागोटे बांधणारा, शहाणा, हिशेबी माणूस. पुतण्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने चारातल्या दोन म्हशी विकल्या होत्या. महिनाभरात गुडघा सत्तरपर्यंत आला. एका संध्याकाळी पावती घेताना तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, ‘मास्तर, डॉक्टरीणबाईंना सांगा, जरा दमानं घ्या. कोर्टाचा निकाल लागंपतूर गुडघा लई वाकवू नका.’

मी कारकून असलो तरी बोलण्याचा अर्थ लावायला मला क्षणभर वेळ लागला. त्याचा हिशेब असा होता. सांगलीच्या न्यायाधिकरणात ट्रॉलीच्या मालकावर आणि विमा कंपनीवर दावा टाकलेला. भरपाई अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरणार. गुडघा जितका कमी वाकेल तितके टक्के जास्त, आणि टक्के जास्त तर पैसे जास्त. आमची लेक रोज संध्याकाळी त्या पोराचा पाय वाकवीत होती, म्हणजे चुलत्याच्या दृष्टीने ती दर संध्याकाळी त्याच्या दोन म्हशींतला एकेक पाय कापून घेत होती.

यावर हसू नये. त्या माणसाला पुतण्या लंगडा व्हायला नको होता. पण गेलेले गोठ्यात परत कसे यावे, याचा दुसरा रस्ता त्याला कुणी दाखवला नव्हता. जो रस्ता दाखवला होता, तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या एका माणसाने. आमच्याकडे त्याला ‘केसवाला’ म्हणतात.

या केसवाल्यांविषयी थोडे. आपल्याकडे वकिलाने निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवून घेणे नियमाने निषिद्ध आहे आणि पेशंटमागे फिरून काम गोळा करणेही निषिद्ध आहे. म्हणून मध्ये दलाल उभा राहतो. असा एक गृहस्थ एके दिवशी आमच्याकडे आला. पांढरे कपडे, हातात दोन फोन. चहा घेतला, पलंग मोजले आणि म्हणाला, ‘ताई, महिन्याला पंधरा पेशंट पाठवतो. तीस बैठका केल्या तर साठ लिहा, आणि गुडघा शंभर वाकला तर साठ लिहा. उरलेले आपण समजून घेऊ.’ साठ आणि साठ. त्याला बहुधा तो आकडा आवडत असावा. लेकीने त्याला आणखी चहा विचारला नाही. तो जाताना मला म्हणाला, ‘चाचा, तुम्ही समजवा. दवाखाना असा वाढत नाही.’

दवाखाना कसा वाढतो, हा प्रश्न मात्र त्याने बरोबर विचारला होता. या व्यवसायात एक पेच आहे. बरा झालेला पेशंट पुन्हा येत नाही. हळूहळू बरा होणारा पेशंट पुष्कळ दिवस येतो, आणि त्याचे बिल दुसरे कुणी भरणार असेल तर त्यालाही घाई नसते. दलालाची गरजच काय, हा मोह रोजच्या कामातच आहे.

लेकीची एक वर्गमैत्रीण न्यू जर्सीत आहे. आपल्याकडच्या पुष्कळ मुली हे शिक्षण घेऊन तिकडे जातात, तिथली परीक्षा देतात आणि स्थिरावतात. तिच्याकडून आम्हाला तिकडची रीत कळली. अमेरिकेत अपघाताचे पेशंट हा फिजिओथेरपीच्या दवाखान्यांचा मोठा आणि मानाने मोजला जाणारा धंदा आहे. पेशंट वकील करतो, वकील निकालातला हिस्सा घेतो, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास, आणि दवाखाना आज पैसे न घेता उपचार करतो. त्या बदल्यात पुढे मिळणाऱ्या भरपाईवर आपला हक्क लिहून घेतो. त्याला तिकडे ‘लीन’ म्हणतात. आमचा दूधवाला तिकडे असता तर तीन महिने घरी पडून राहिला नसता. ही त्या पद्धतीची खरी बाजू आहे, आणि मला तिचा हेवा वाटतो. पण मैत्रिणीने दुसरेही सांगितले. न्यायालयात समोरचा वकील उभा राहतो आणि पहिला प्रश्न हाच टाकतो, ‘हा दावा जिंकला तरच तुमचे पैसे निघणार, होय ना?’ मग रोजच्या रोज लिहिलेल्या नोंदीसुद्धा संशयाच्या उजेडात वाचल्या जातात.

इकडे आमच्या लेकीने आपली रीत बसवली, ती कुठल्या पुस्तकातून नव्हे. पहिल्या दिवशी पाय तपासून ती अंदाजे किती बैठका लागतील ते सांगते आणि मला वहीत लिहायला लावते. दोन आठवडे अंश हलले नाहीत तर बैठका थांबवून पेशंटला पुन्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे पाठवते. घरच्या एका माणसाला व्यायाम शिकवते, म्हणजे रोज एसटीने यायला नको. पैसे आठवड्याला घेते. आणि प्रत्येक बैठकीला अंश लिहिते. दोन प्रकारचे, पेशंटने स्वतः किती वाकवला आणि तिने हाताने किती वाकवला. घरी व्यायाम शिकवण्यामुळे आमचे उत्पन्न कमी झाले, हे मी वहीवरून सांगू शकतो. पण शिकून गेलेला माणूस गावात सांगतो. ऊसतोडीचा मुकादम आला, वाळूच्या ट्रकवरचा क्लीनर आला, इचलकरंजीच्या मागावर बोटे अडकलेला विणकर आला. अस्थिरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या नंतर सुरू झाल्या.

चुलत्याला तिने काय उत्तर दिले, ते सांगायचे राहिले. ती त्याला आत घेऊन गेली. पुतण्याला पलंगावर पालथे झोपवले आणि चुलत्याचा हात त्याच्या घोट्यावर ठेवून म्हणाली, ‘काका, आता हळूहळू वाकवा.’ सत्तरच्या पुढे पोरगा कण्हला, स्नायू ताठ झाले, पण हाताखाली पाय स्प्रिंगेसारखा थरथरत होता, त्यात अजून जागा होती. मग शेजारच्या पलंगावर एक जुना पेशंट होता, सांध्याचेच हाड चुरगळलेला. त्याच्या परवानगीने त्याच्या घोट्यावर चुलत्याचा हात ठेवला. तिथे पाय एका जागी येऊन थांबला. खट्. भिंतीला हात लागल्यासारखा.

‘कळले का काका?’ ती म्हणाली. ‘एकात माणूस थांबतो, दुसऱ्यात गुडघा थांबतो. हाताला कळते. मला कळते, डॉक्टरला कळते, आणि विमा कंपनीचा डॉक्टर तपासेल त्यालाही कळते. माणूस थांबला तर पैसे मिळणार नाहीत. आणि तो वर्षभर थांबून राहिला तर शेवटी गुडघाच थांबेल. मग पैसे मिळतील, पण धार कोण काढणार?’

चुलता काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुतण्या आला.

पाच महिन्यांनी तो पोरगा उकिडवा बसला. एकशेपंचवीस अंश. वहीत माझ्या अक्षरात ती नोंद आहे. त्याचा दावा २०२० साली निकाली निघाला. त्याआधी लेकीला साक्षीला बोलावले होते. मी बरोबर गेलो होतो. विमा कंपनीच्या वकिलाने वही मागितली, पाने उलटली, पस्तीसपासून एकशेपंचवीसपर्यंतचे सगळे आकडे मोठ्याने वाचले आणि विजयी चेहऱ्याने म्हणाले, ‘म्हणजे अपंगत्व उरलेलेच नाही!’ लेक म्हणाली, ‘फार थोडे उरले आहे.’ आमच्या बाजूच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. पण मग न्यायाधीशांनीच विचारले, ‘हे पाच महिने तो काम करू शकत होता का?’ तिने सांगितले, ‘नाही. कोणत्या तारखेपासून काय करू शकला, ते लिहिले आहे.’ उपचाराचा प्रत्येक रुपया पावतीनिशी मान्य झाला, बुडालेले उत्पन्न त्या नोंदींवरून महिनावार धरले गेले, वेदनेचे वेगळे मिळाले. भविष्यातल्या उत्पन्नापोटी फारसे नाही. मागून धडकल्याबद्दल काही दोष त्याच्याही माथी आला आणि तेवढी रक्कम कापली गेली. एकूण रक्कम चुलत्याच्या अपेक्षेच्या निम्म्याहून कमी होती. पुतण्याच्या गोठ्यात आज सहा म्हशी आहेत. चुलता मात्र मला बाजारात दिसला की अजूनही तोंड फिरवतो.

ही कथा इथे संपवली असती तर गोड झाली असती. पण वहीत दुसरेही पान आहे.

मिरजेची सतार आणि तानपुरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांत कारागिरांचे फोटो आले होते. श्रोत्यांनी ते पाहिले असतील तर आठवून पाहा. प्रत्येक कारागीर जमिनीवर बसलेला असतो. वाळलेला भोपळा मांडीत धरायचा, पायाच्या पंजाने लाकूड रोखायचे, दोन्ही हात मोकळे ठेवायचे. तिथे पाय हाच कारागिराचा शिकंजा असतो. असा एक कारागीर, आमच्याच मोहल्ल्यापलीकडचा, डिसेंबर २०२२ मध्ये दुचाकीवरून येताना एका टेम्पोखाली सापडला. गुडघ्याच्या खालच्या हाडाचे, जिथे सांध्याचा पृष्ठभाग असतो तिथेच, तुकडे झाले. पट्ट्या आणि स्क्रू घालून ते जुळवले. तो वेळेवर आला, रडला पण चुकला नाही. व्यायाम तर सांगितल्यापेक्षा जास्तच करायचा. लेकीने जे येते ते सारे केले. गुडघा एकशेपाचवर येऊन थांबला. महिना, दोन महिने, एकशेपाच. तिने पुन्हा शस्त्रक्रियेच्या डॉक्टरकडे पाठवले. त्यांनी पाहिले आणि सांगितले की आता यापुढे नाही.

इथे गुडघा थांबला होता. माणूस थांबला नव्हता.

आता एकशेपाच अंश म्हणजे किती अपंगत्व? प्रमाणपत्र देणारा डॉक्टर पायाचे टक्के काढतो, आणि ते टक्के फार दिसत नाहीत. माझ्यासारख्या कारकुनाचा गुडघा एकशेपाचला थांबला असता तर पतसंस्थेतले माझे काही अडले नसते. याच्या हातातून मात्र पिढीजात काम गेले. कायद्याला ही गोष्ट कळते, हे मला त्या वेळी कळले आणि बरे वाटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात हेच स्पष्ट केले आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळी जाऊ शकते, तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून टक्क्यांचा कागद पाहून थांबू नये, हा माणूस आधी काय करत होता आणि आता काय करू शकतो ते पाहावे, असे न्यायालय सांगते. त्याच निकालात, उपचार न करताच सढळ हाताने टक्के वाटणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहायलाही सांगितले आहे. ‘केसवाला’ या शब्दाचे कायदेशीर भाषांतर तिथे वाचायला मिळते.

पण न्यायालयाला हे कळायचे तर कुणीतरी ते लिहून ठेवलेले हवे. लेकीच्या वहीत अंशांच्या पुढे एक रकाना असतो. ‘आज काय जमले.’ तो मी भरतो. ‘जिना एक पायरी’, ‘सायकलला टांग’, ‘संडासात बसला’. या कारागिराच्या पानावर त्या रकान्यात एके ठिकाणी लिहिले आहे, ‘भोपळा धरता आला नाही.’ लिहिताना मी त्याला विचारले, ‘असेच लिहू?’ तो म्हणाला, ‘असंच लिहा.’

ज्यांच्या घरात असा प्रसंग आला असेल त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपघाताचा दावा दाखल करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली गेली. या मुदतीवरून पुढे न्यायालयात वाद झाला, पण तुम्ही त्या वादाच्या भरवशावर बसू नका. आणि प्रत्येक उपचाराची तारखेनिशी पावती घ्या, मग तो उपचार शंभर रुपयांचा का असेना. कामावर असताना इजा झाली असेल तर रस्ता वेगळा आहे. १९२३ च्या जुन्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याला तीस टक्के आणि तर्जनीला चौदा टक्के अशी यादीच होती. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. मी पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा बराच वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत बसलो होतो.

आज दवाखान्यात चार पलंग आहेत, हाताखाली दोन मुली आहेत. जागा बदलून तळमजल्यावर आलो, दाराशी पायरीऐवजी उतार केला. एका बैठकीचे तीनशे घेतो. तो पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ म्हणाला होता तितका दवाखाना वाढलेला नाही. त्याने दुसरीकडे सोय लावली, आणि ती जागा आमच्यापेक्षा मोठी आहे, वातानुकूलित आहे. तेही मी तुमच्यापासून लपवत नाही.

कारागिराचा दावा अजून चालू आहे. त्याच्या पानावर साडेअकरा हजारांची बाकी आहे. साक्षीसाठी लेकीला बोलावणे येईल, असे त्याच्या वकिलांनी कळवले आहे. ती परवा मला म्हणाली, ‘अब्बा, त्याआधी ही बाकी माफ म्हणून लिहून टाका. उद्या समोरचा वकील विचारील, तुमचे पैसे अडकलेत ना?’ मी त्या कारागिराला ते सांगितले. तो म्हणाला, ‘चाचा, माफ केलंत तर तेवढा खर्च माझा झालाच नाही, असं होईल. आणि मी फुकट इलाज घेतलेला नाही.’ दोघांचेही बरोबर आहे. तो हल्ली एका फळीवर पाय लांब सोडून तारा चढवण्याचे काम करतो, भोपळा त्याचा भाऊ धरतो. दर शुक्रवारी नमाजनंतर येऊन दोनशे रुपये देतो, आणि मी ते वजा करतो. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. माफीची ओळ मी अजून लिहिलेली नाही.